जावईबापूंचा हात

सोमवार, ४

ही डायरी टूथपेस्टच्या कंपनीने आत्याला फुकट दिली आणि आत्याने मला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ हात वर करून हसतेय. असल्या दाढेसमोर मी मन मोकळं करणार नव्हतो, पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि घरी बाबांशी माझं बोलणं बंद आहे. (मी बंद केलंय. त्यांच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.)

तर, जावईबापूंचा हात पंपात गेला.

जावईबापू म्हणजे आत्याच्या दवाखान्यातला ऑक्टोपस. आत्या दातांची डॉक्टर आहे. पेशंट बाहेर बसून आतल्या ड्रिलचा आवाज ऐकतात आणि पळून जातात, म्हणून तिने बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवली. आधी मासे होते. मग ऑक्टोपस आला आणि मासे राहिले नाहीत. नाव आत्यानेच ठेवलं. दिवसभर आपल्या खोलीत बसून राहतात, जेवायला ताजंच लागतं, मनासारखं झालं नाही की लाल होतात, आणि कितीही केलं तरी चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसत नाही. आत्याला मुलगी नाही, पण जावई आहे. दवाखान्यात सगळेच त्यांना अहो-जाहो करतात.

पंपाच्या तोंडावर स्पंजची टोपी असते. ती जावईबापूंनीच उपटली असणार, कारण नंतर ती त्यांच्या गुहेत सापडली, उशीसारखी डोक्याखाली. एक गाल सुजलेला माणूस वाट बघत बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं, तो नुसता टाकीकडे बोट दाखवत राहिला. मी बघितलं तर एक हात पंपात, बाकीचे सात काचेवर, आणि अंग चुन्यासारखं पांढरं. मी प्लग उपटला. तरी हात निघेना. मग माझं डोकं फिरलं आणि मी पाण्यात दोन्ही हात घालून पंपाचं झाकण पिळून तोडलं. हात सुटला, पण अर्ध्यावर फाटलेला, एका पट्टीवर लोंबणारा.

आत्या म्हणाली, तुझ्या रागाचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

हा टोमणा कॉलेजवरून. दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी सगळ्यांदेखत माझ्या आकृतीला बटाटा म्हटलं. तो बेडूक होता. मी उठलो, निघालो, तो निघालोच. मग आत्याने मला दवाखान्यात घेतलं, फोन उचलायला आणि टाकी सांभाळायला. आज तिने स्पष्टच सांगितलं, की जावईबापू गेले तर ती टाकी काढून टाकणार, दुसरा जीव आणणार नाही. आणि टाकी गेली की माझं इथे काय काम? फोनवर मी पेशंटशी भांडतोच.

पण ते एक वेळ चालेल. खरा प्रश्न तारवालीचा आहे.

तारवाली गल्लीच्या तोंडाशी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिच्या दातांना तारा आहेत, म्हणून ती ओठ मिटून हसते, आणि चुकून उघडं हसली की माझा पुढचा फोन राहून जातो. आली की पहिला प्रश्न, जावईबापू कसे आहेत. टाकीकडे पाठ करून माझ्या टेबलासमोर बसते आणि त्यांच्याबद्दल विचारत राहते. मुक्या जनावरावर एवढी माया करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात तिच्या तारा निघणार. दात सरळ झालेलं माणूस दातांच्या दवाखान्यात कशाला येईल? आलीच तर जावईबापूंसाठी येईल. आणि तेच नसले तर?

त्यांना काहीही करून जगवायचं.

मंगळवार, ५

टाकीवाल्याने माशांच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. दूर कुठल्यातरी बंदरावर असतात. मी घाईत होतो म्हणून थेट मुद्द्यावर आलो, की आमच्या जावईबापूंचा हात पंपात अडकून फाटलाय, लोंबतोय, काय करू. ते म्हणाले, अहो, आधी दवाखान्यात न्या. मी म्हटलं, दवाखान्यातूनच बोलतोय. ते म्हणाले, मग तिथल्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, दाखवलं, पण त्या दातांच्या आहेत. ते म्हणाले, दातांच्या? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ऑक्टोपस हा शब्द उच्चारला. नर की मादी, असं त्यांनी विचारलं. जावई म्हणजे नरच असणार ना?

पथ्यपाणी असं: पाणी स्वच्छ, उजेड कमी, टाकीला धक्का नको, पाण्यात तांब्याचं भांडं किंवा तार चुकूनही नको, तांबं म्हणजे त्यांना विष. आणि मुख्य म्हणजे तो हात ओढायचा नाही, कापायचाही नाही. ठेवायचा की टाकायचा, ते त्याचं तो ठरवेल, म्हणाले. टाकला तर नवा उगवतो. मला हे पटलं नाही. स्वतःचा हात कुणी असा टाकून देतं का?

आत्याने आणखी एक पथ्य घातलं. जावईबापूंसमोर आवाज चढवायचा नाही. त्यांचं रक्त निळं असतं म्हणे, आणि निळं रक्त आवाजाने लगेच खवळतं, मग जखम भरत नाही. डॉक्टर आहे, तिला ठाऊक असणार.

दुपारी तारवालीच्या आईचा फोन आला, लेकीला कधी पाठवू म्हणून. मी हळू आवाजात सांगितलं, की आज जमायचं नाही, जावईबापूंचा हात पंपात गेला, बहुतेक तुटणारच, आत्या त्यांच्यापाशी बसलीय. त्या नुसतं "अरे देवा" म्हणाल्या आणि फोन ठेवला. भली बाई आहे.

गुरुवार, ७

तारवाली आली, ठरलेलं नसताना. तार टोचतेय म्हणाली. आत्याने आरसा घालून बघितलं, कुठे काही टोचत नाही म्हणाली, तरी दातांना लावायचं मेण दिलं. देताना माझ्याकडे का बघत होती कोण जाणे.

टाकीवर मी जाड कापड टाकलंय, उजेड नको म्हणून. तारवालीला म्हटलं, ये, तुला दाखवतो. ती नको नको म्हणत होती, पण मला कळत होतं की तिला बघायचंय. कापड वर केलं. नेमका त्याच वेळी जावईबापूंनी तो फाटका हात काचेवर ठेवला. तिने डोळे गच्च मिटले आणि माझी बाही धरली.

कुणाचं दुखणं तिला बघवत नाही.

बाही अजून धुवायला टाकलेली नाही.

सोमवार, ११

जावईबापू जेवत नाहीत. खेकडा टाकला की त्याच्याकडे एकदा बघतात आणि आत जातात. रंग राखेसारखा.

आज तारवालीची आई आली, हातात थर्मास. पायरीवरच तिने आत्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, हल्लीची माणसं सख्ख्या आईबापाला बघत नाहीत, आणि तुम्ही जावयाला कामाच्या ठिकाणी ठेवून घेतलंत. आत्याच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे वरचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे मला गप्प बस म्हणत होते. मग काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, की सगळं हाच करतो ना त्यांचं. आत्या म्हणाली, हो तर, भरवतो, घाण काढतो, पाणी बदलतो, रोज विचारपूस करतो. काकूंनी पदराने डोळे टिपले. भेटता येईल का, म्हणाल्या.

मी कापड बाजूला केलं. जावईबापू गुहेच्या तोंडाशी होते, एक डोळा बाहेर काढून. काकूंनी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत्याकडे, परत टाकीकडे. मला वाटलं, आता हा थर्मास माझ्या डोक्यात बसणार.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"तो, उजवीकडचा तिसरा."

"मग उरलेत की सात," त्या म्हणाल्या, आणि थर्मास उघडून सूप आम्हा दोघांनाच ओतून दिलं.

बसल्या बराच वेळ. त्यांच्या बोलण्यातून कळलं, की लेकीने घरी ऑक्टोपसचं कधी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यातून आली की तिथला मुलगा असं म्हणाला, तिथला मुलगा तसं म्हणाला, एवढंच चालतं म्हणे. मला वाईट वाटलं. एवढं मोठं दुखणं चाललंय इथे, आणि घरी जावईबापूंचं नावही नाही? पण माणूस ज्याच्याबद्दल फार वाटतं त्याच्याविषयी बोलत नाही, हेही खरं.

निघताना काकू आत्याला म्हणाल्या, की जावई कसाही निघो, या घरात त्याला जपतात, एवढं कळलं. आत्या म्हणाली, यायचं मग परत. काय खलबतं चालतात या बायकांची.

सूप छान होतं.

शनिवार, १६

उसन्या पंपाच्या जागी नवा पंप आला, तोही टोपीशिवाय. आणणारा माणूस मलाच वर तोंड करून म्हणाला, टोपीची काय गरज. माझ्या कानशिलात रक्त चढलं. एरवी मी गल्ली गोळा केली असती. पण आत्याने आतून नुसतं टाकीकडे बोट केलं. मग मी त्या माणसाजवळ गेलो, त्याच्या कानाला लागलो आणि पोटात होतं ते सगळं कुजबुजत सांगितलं, एकेक शब्द सुटा सुटा. त्याचा चेहरा उतरला. चहा गार व्हायच्या आत टोपीवाला पंप घेऊन हजर. ओरडलो असतो तर तोही ओरडला असता. हा माझा स्वतःचा शोध आहे.

दारांच्या चौकटींना मी जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या चिकटवल्यात, आपटू नयेत म्हणून. पेशंटना चपला बाहेर काढायला लावतो. एक आजोबा कवळी बसवायला येतात, ते आत्याला म्हणाले, की पूर्वी हा पोरगा "पुढचा कोण" असं म्हणायचा तेव्हा माझी आहे ती कवळीही पडायची, आता देवळात आल्यासारखं वाटतं. आत्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. हल्ली सगळेच हळू बोलतात.

तारवालीला परत तार टोचली. परत मेण.

बुधवार, २०

आज काही लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी कापड काढलं तर तो हात तळाशी पडला होता. जावईबापू गुहेत, तोंड आतल्या बाजूला. काल टाकलेला खेकडा पडलेल्या हातावर चढून बसला होता, जणू त्याने लढून जिंकलेला किल्ला. त्या खेकड्याचा मला जेवढा राग आला तेवढा सरांचाही आला नव्हता. पण मी त्याला हळूच बाजूला केलं.

माशांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना आनंदच झाला. सोडला ना त्याने, म्हणाले, मग झालं, आता तिथली जखम मिटेल. मी म्हटलं, यात झालं काय? हात गेला. ते म्हणाले, तो मेलेला हात घेऊन बसला होता म्हणून जेवत नव्हता, आता जेवला पाहिजे. आणि नाही जेवला तर? तर मग फार आशा धरू नका, म्हणाले. या आठवड्यात काय ते दिसेल.

मी असतो तर सोडला नसता. मी काहीच सोडत नाही. (कॉलेज सोडलं, ते वेगळं.)

मी आत्याच्या चिमट्याने तो हात पाण्यातून काढत होतो, तेवढ्यात तारवाली आली. मेण संपलं म्हणाली, आणि मग तिला चिमट्यात काय आहे ते दिसलं. ती तशीच वळली आणि बेसिनपाशी गेली. बराच वेळ नळ सोडून उभी होती. मी पाणी घेऊन गेलो, म्हटलं, मला कळतं, मलाही रडू येतंय. तिने तोंड पुसलं. डोळे भरलेले होते. माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू ना, खरंच."

एवढं भरून आलं होतं तिला, की वाक्यसुद्धा पुरं झालं नाही.

मग ती टेबलासमोर बसली, आणि दुकानातून बोलावणं येईपर्यंत उठली नाही. मी टाकीपाशी बसलो होतो, तर तिने खुर्ची फिरवून घेतली, टाकीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड. त्यांना असं बघणं तिला सोसत नसणार.

रविवार, २४

दवाखाना बंद, पण पाणी बदलायचं होतं. मिठाच्या पाण्याचे कॅन मी एकटाच गाडीवर चढवत होतो. बाबा खाली आले, एक शब्द न बोलता दुसरा कॅन उचलला आणि मागे बसले. मीही बोललो नाही, आपलं बंद आहे म्हणून.

दवाखान्यात मी नळीने जुनं पाणी काढलं, त्यांनी नवं ओतलं. धार काचेला लावून, आवाज न करता. त्यांना हे कुणी शिकवलं? मग ते स्टुलावर बसून गुहेकडे बघत राहिले. आत नुसता अंधार.

"जेवले का हे?" बाबांनी विचारलं.

आता यावर गप्प कसं बसणार. "नाही," मी म्हटलं.

"आणि तू?"

मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढला. दोघांनी टाकीसमोर बसून खाल्लं. मधेच ते म्हणाले, की तुझी ती आकृती मी बघितली होती, तुझ्या खोलीत. मी घास थांबवला. ते म्हणाले, बेडूकच वाटत होता. थोडा जाड, पण बेडूक.

आमचं बोलणं बंद होतं, हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते विचारायचं राहूनच गेलं. आता विचारण्यात अर्थ नाही, कारण ते सुरू झालं.

मंगळवार, २६

खाल्लं.

दुपारी मी एका बाईंना फोनवर समजावत होतो, की अक्कलदाढेचा अकलेशी संबंध नसतो. टाकीत हालचाल दिसली म्हणून कापडाखालून बघितलं. त्या किल्लेदार खेकड्याच्या मागे जावईबापू अगदी सावकाश येत होते, दगडाच्या रंगाचे होऊन. मी श्वास धरला. बाई तिकडून हॅलो हॅलो करत राहिल्या. मग एकदम सगळे सात हात छत्रीसारखे उघडले आणि खेकड्यावर मिटले.

मी फोन तसाच ठेवून आत्याच्या खोलीत गेलो. खुर्चीत एक माणूस आ करून पडला होता. मी आत्याच्या कानात सांगितलं. आत्याने हातातलं ड्रिल खाली ठेवलं, मास्क खाली ओढला आणि बाहेर येऊन बघितलं. खेकड्याचं कवच गुहेबाहेर फेकलं जात होतं, एकेक तुकडा. जावईबापूंचा रंग तांबूस. आत्या म्हणाली, टाकी राहिली. मग म्हणाली, तूही राहिलास. मग आतला माणूस अजून आ करून आहे हे आम्हाला आठवलं.

संध्याकाळी तारवालीला सांगितलं. ती एवढी हसली की तारा दिसल्या. म्हणाली, बरं झालं बाई, तुझा चेहरा सुधारला.

माझा चेहरा? असो.

शनिवार, ७

नवा महिना. जावईबापूंच्या तुटक्या हाताच्या टोकाला कोंब आलाय. बोटभरसुद्धा नाही, दोऱ्यासारखा, पण त्यावर काचेला चिकटायचे पेले आहेत, खसखशीएवढे. त्याला ते सारखं गुंडाळतात आणि उलगडतात. मी फोटो काढून माशांच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला, खुशीत होते. मी म्हटलं, आम्ही पथ्य कडक पाळलं, एवढ्या दिवसांत त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, आवाज?

मी निळ्या रक्ताचं सांगितलं.

ते म्हणाले, रक्त निळं असतं ते बरोबर. पण अहो, पाण्याबाहेरचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. दार आपटलं तर हादरा कळेल, टाकीवर थाप मारली तर कळेल. तुम्ही शेजारी बसून गाणं म्हटलं काय, भांडलात काय, त्याला पत्ताही लागायचा नाही. हे तुम्हाला सांगितलं कुणी?

मी फोन ठेवला. इतके दिवस. त्या पंपवाल्याला मी कुजबुजून सोडलं. रांग मोडून घुसलेल्याला हात जोडले. सरांचा फोन आला होता, परत येतोस का विचारायला, त्यांच्याशीही मी बहिणीच्या सासरच्या माणसाशी बोलावं तसं बोललो आणि बघतो म्हणालो. हे सगळं एका बहिऱ्या जनावरासाठी?

आत्याला जाब विचारायला तरातरा आत गेलो. तोंड उघडलं, आणि आवाज बारीकच निघाला. आत्या म्हणाली, काय म्हणालास, ऐकू नाही आलं. मी परत विचारलं, तर परत तेवढाच निघाला. सवय लागलीय. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसरी काळजी वेगळीच. जावईबापू आता खडखडीत बरे झाले. तारवालीला तब्येत विचारायला यायचं कारण उरलं नाही. पुढचा आठवडा संपला की तिच्या तारा निघतील, तेही कारण जाईल. म्हणजे आता जे काय ते मलाच बोलावं लागणार. जावईबापूंच्या आड लपून भागायचं नाही.

गुरुवार, १९

तारा निघाल्या. आई बरोबर आली होती. आत्या आत पकडीने एकेक तुकडा काढत होती आणि प्रत्येक तुकड्याबरोबर माझा धीर सुटत होता. सगळं झाल्यावर आत्याने दातांचं माप घ्यायला साच्यात गुलाबी लगदा भरला आणि तारवालीच्या तोंडात दाबून बसवला. मग मला हाक मारली. म्हणाली, घट्ट होईपर्यंत हिला हलू द्यायचं नाही, बोलू द्यायचं नाही, मला एक फोन करायचाय. आणि गेली. ड्रिलला हवा देणारा कंप्रेसर चालूच ठेवून.

ती खुर्चीत आडवी, तोंडात साचा, डोळे माझ्याकडे. याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिला मधे बोलता येणार नव्हतं, हसता येणार नव्हतं, उठून जाता येणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती आली की माझा फोन राहून जातो ते, बाहीचं, सगळं. तिने भुवया वर केल्या आणि कानाला हात लावला. कंप्रेसरच्या घरघरीत एक अक्षर पोचलं नव्हतं.

मी परत सांगितलं. तिने परत कानाला हात लावला.

मग माझं डोकं फिरलं. बऱ्याच दिवसांनी फिरलं, छातीपासून आवाज आला, कॉलेजातून निघालो त्या दिवशीसारखा. "मला तू आवडतेस."

कंप्रेसरचा आवाज त्याच्याखाली दबला. बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी हातातलं मासिक पडलं. मग काकूंचा आवाज आला, शांत, की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, आता हळू बोललास तरी चालेल.

तारवालीचे कान लाल झाले होते. काही बोलता येत नव्हतं. मान हलवायची नव्हती. आत्या आली, लगद्याला बोट लावून बघितलं, अजून ओलं आहे म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जगातला कुठलाही लगदा इतका सावकाश घट्ट झाला नसेल. शेवटी साचा फट् करून निघाला. तारवालीने चूळ भरली. परत भरली. तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून हसली, ओठ न मिटता, आणि मला ते ओळखू यायला क्षणभर लागलं, कारण त्यात आता चमकायला काही नव्हतं, नुसतं हसू होतं.

"मलाही," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. तुझा तो प्राणी मला बघवत नाही. पहिल्या दिवसापासून पोटात ढवळतं."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "तो नाही, ते."

"तेच ते. आणि ती तारही कधी टोचत नव्हती."

"मग इतके दिवस येत कशाला होतीस?"

ती आत्याकडे बघायला लागली. आत्या हातमोजे काढत होती. म्हणाली, "याने कॉलेज सोडलं की कॉलेजने याला, हे मला आज कळलं." बाहेर काकू इतक्या मोठ्याने हसल्या की ते कवळीवाले आजोबाही हसले, आणि त्यांची कवळी अजून बसायची होती.

नंतर कळलं, की तारा काढल्या तरी दात परत वाकडे होऊ नयेत म्हणून रिटेनर नावाचं एक घालावं लागतं, आणि त्यासाठी आत्या तिला निदान वर्षभर तरी बोलावत राहणार आहे. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी दवाखान्यात काम करतो, मला काही सांगत नाहीत. मग मी असा ओरडलोच नसतो, सावकाश बोललो असतो.

उद्या ती दुकान सुटल्यावर येणार आहे. टाकीच्या बाजूला बसायचं नाही, बाहेर पायरीवर बसायचं, अशी तिने अट घातलीय. मी मान्य केली. पण एक मला अजून कळलेलं नाही आणि विचारलं तर तिघीही नुसत्या हसतात. जावईबापू आवडत नव्हते, तार टोचत नव्हती, मग चष्म्याचं दुकान सोडून ती दर दोन दिवसांनी माझ्या टेबलासमोर एवढा वेळ बसून करत काय होती?

उद्या विचारतो. शांतपणे.